मला टायफॉईड झाला नव्हता

आमच्या दवाखान्यात काम करून कुणी थकलं, असं कधी घडलंच नाही. निदान कागदावर तरी नाही. रजेच्या प्रमाणपत्रावर प्रत्येकाला टायफॉईड व्हायचा, आणि जरा हौशी असेल त्याला कावीळ. एका सिस्टरला तर दोन वर्षांत तीनदा टायफॉईड झाला आणि तिन्ही वेळा तिच्या माहेरी लग्नकार्य होतं. पण सगळेच काही लग्नाला जात नसत. काहींचा टायफॉईड म्हणजे दुसरंच काही असायचं. ते काय, हे आम्हाला कळायचं, आणि आम्ही डोळेझाक करायचो.

मी सुलोचना सोनकांबळे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली स्टाफ नर्स. तोंडाने जरा फटकळ, हे माझ्या मालकांना विचारलंत तर ते लगेच सांगतील. आज हे लिहायला बसले ते माझ्यामागून आलेल्या सिस्टर आणि डॉक्टरांसाठी. दवाखान्याचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांतली बरीच माणसं अजून आहेत, आणि त्यांनी माझं वाईट काही केलेलं नाही.

पाटी बदलली

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. उस्मानाबादला खेटे घालायचे संपले म्हणून लोक खूश होते. दवाखान्याची पाटी नव्याने रंगवली. तीस खाटांच्या पन्नास झाल्या. आम्ही सिस्टर होतो सात, त्या सातच राहिल्या. नवीन पदांचा प्रस्ताव वर गेलाय, असं हेडक्लार्क सांगायचे. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नसावं.

त्यातच दुष्काळ पडला. टँकरचं पाणी पिऊन गावंच्या गावं हगवणीने आडवी झाली. रोजगार हमीच्या कामावरून ऊन लागलेली माणसं बैलगाडीतून यायची. एका खाटेवर दोन पेशंट, खाटेखाली तिसरा, आणि खिळ्यांना लटकवलेल्या सलाईनच्या बाटल्या. दवाखान्याची विहीर आटली होती. हात धुवायलासुद्धा तांब्या मोजून पाणी मिळायचं.

सातातल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. उरलेल्या पाचजणी सकाळी आठला यायच्या आणि दुपारच्या पाळीची कुणी नाही म्हणून रात्री आठपर्यंत थांबायच्या. रात्रपाळीचा आठवडा संपला की हक्काची सुट्टी असते. ती सुट्टी 'पुढे बघू' या खात्यात जमा व्हायची. मला याचा त्रास होत नव्हता, हे आधी सांगते. उलट मिरवायचे मी. छप्पनला धर्मांतर केलेलं आमचं घर, हिमायतनगरजवळच्या खेड्यातलं. घरातली पहिली सरकारी नोकरी माझी. नेमणुकीचं पत्र वडिलांनी विहारात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. असल्या पोरीने थकायचं नसतं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं.

अकरा नंबरची नाडी

नर्सिंगमध्ये एक तक्ता असतो. ताप, नाडी, श्वास. दर चार तासांनी प्रत्येक पेशंटजवळ जायचं, मनगट धरायचं, घड्याळाकडे बघत मोजायचं आणि लिहायचं. पेशंट साठ झाले की हे कसं होतं ते सांगते. सगळे तक्ते टेबलावर गठ्ठ्याने घ्यायचे, खुर्चीत बसायचं आणि लिहीत सुटायचं. ९८.४, ७८, १८. कुणाला ९९, कुणाला ८२, म्हणजे खरं वाटतं. ज्यांचं बरं नाही त्यांच्याकडे आपण जातोच, बाकीच्यांचं काय, असं मनाला समजवायचं. आम्ही सगळ्याच हे करत होतो. ज्या सिस्टरने कधीच केलं नाही तिने हे पान सोडून पुढे वाचावं.

त्या दिवशी सकाळी नऊला अकरा नंबरची बाई गेली. मीच तिचे डोळे मिटले होते, मीच तिला चादरीत गुंडाळलं होतं. दहाला नातेवाईक तिला घेऊन गेले. तिचा तक्ता मात्र गठ्ठ्यातून काढायचा राहिला. दुपारी चारला मी गठ्ठा घेतला आणि लिहीत सुटले.

संध्याकाळी आमच्या मेट्रन जाधवबाई राउंडला आल्या. कडक बाई. त्यांच्या चपलांचा आवाज आला की पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. त्यांनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, "सुलोचना, अकरा नंबर सकाळी गेली ना?"

"हो बाई."

"मग चार वाजता तिची नाडी अठ्ठ्याहत्तर कशी?"

मला हसू आलं. आधी थोडं आलं, मग थांबेचना. साठ पेशंट आणि त्यांचे नातेवाईक माझ्याकडे बघत होते आणि मी टेबलाला धरून हसत होते. जाधवबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दंडाला धरून मला चादरींच्या खोलीत नेलं आणि गठ्ठ्यावर बसवलं. म्हणाल्या, "घरी जा."

"माझी ड्यूटी आठपर्यंत आहे."

"मी थांबते. तू जा."

घरी आले तर माझी सहा वर्षांची लेक पोट धरून दारात बसलेली. "आई, पोट दुखतंय." मी चप्पल काढता काढता विचारलं, "कधीपासून? जुलाब किती झाले?" तिने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी म्हणाले, "पुढचा पेशंट."

मालक स्टोव्हला पिन मारत होते. त्यांचा हात थांबला. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला भीती वाटली. मेलेल्या बाईची नाडी लिहिल्याचीही वाटली नव्हती, ती आता वाटली, आणि मग एकामागून एक सगळंच आठवायला लागलं. त्या गठ्ठ्यातल्या जिवंत माणसांच्या नाड्या तरी मी कुठे धरल्या होत्या?

निदान

मालक एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी कुणाकुणाला विचारून पत्ता काढला. लातूरला सोलापूरहून एक मनाचे डॉक्टर दर गुरुवारी यायचे. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, तुरीच्या आडतीवरच्या माडीवर बसायचे. पाटीवर फक्त 'डॉक्टर' लिहिलेलं होतं. पूर्ण लिहिलं असतं तर त्या जिन्यावर कुणी पाय ठेवला नसता. मीही पदर पुढे ओढूनच चढले. कुणी ओळखीचं भेटलं तर तूर बघायला आलोय म्हणायचं, असं आमचं एसटीत ठरलं होतं.

डॉक्टर वयस्कर होते. वर्तमानपत्राने वारा घेत होते.

"झोप?"

"डोळे मिटतात."

"जेवण?"

"डबा रिकामा होतो."

"रडू येतं?"

"नाही."

"शेवटचं कधी आलं होतं?"

मी आठवायला लागले. पहिल्या वर्षी दर मरणाला यायचं, औषधांच्या खोलीत जाऊन रडायचे. मग लहान मुलांच्या मरणालाच यायचं. मग पोळ्याच्या सुमाराला एक बाळ गेलं होतं, त्यानंतर नाही. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. मी हे सांगितलं तेव्हा मालक खिडकीकडे तोंड करून उभे होते.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला वेड लागलेलं नाही, सिस्टर. पण तुम्ही आजारी आहात. कामाने आजारी पडलात. अशाच कामावर गेलात तर आज खोटी नाडी लिहिली, उद्या चुकीचं इंजेक्शन द्याल."

"याला म्हणायचं काय?"

"इंग्रजीत अलीकडे एक नाव निघालंय. मराठीत अजून नाही. नाव नसलं म्हणून आजार खोटा होत नाही."

त्यांनी प्रमाणपत्र लिहिलं. कामाच्या अतिताणामुळे आलेला शारीरिक व मानसिक थकवा, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. जिना उतरताना मालक म्हणाले, "हे ऑफिसात द्यायचं नाही."

दोन कागद

रजेवर जाताना नुसता अर्ज चालतो. प्रमाणपत्र हजर होताना द्यायचं असतं. म्हणून तो वाद सहा आठवडे लोंबकळत राहिला.

दुसऱ्याच दिवशी आमचे डॉक्टर बिरादार स्कूटरवरून घरी आले. मालकांनीच त्यांना सगळं सांगितलं होतं. दवाखान्यात दोन डॉक्टर, त्यातले हे एक. उदगीरकडचे. पेशंटशी कानडीत बोलायचे, आमच्यावर मराठीत चिडायचे. त्यांनी खिशातून कागद काढला. टायफॉईड. शिक्क्यासकट.

"दोन्ही ठेवा, सिस्टर. कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवा. पण माझं ऐकाल तर हा द्या. टायफॉईड देऊन मी किती लोकांना वाचवलंय तुम्हाला माहीत नाही."

मालकांनी हात जोडले. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "दुसरा कागद गेला तर तो रेकॉर्डला राहणार. बढतीच्या वेळी निघणार. आणि लोक काय म्हणतील? ह्यांच्यातल्या पोरीला झेपलं नाही, असंच म्हणतील ना?"

मला त्यांचा राग आला, कारण मलाही तीच भीती होती. शेजारच्या काशीबाईंनी तर बाहेरचं काही झालंय असं ठरवून टाकलं आणि माहूरला जाऊन रेणुकादेवीची ओटी भरायला सांगितलं. प्रेमानेच सांगत होत्या. मी दोन्ही कागद सोबतच्या ट्रंकेत टाकले, लेकीला घेतलं आणि माहेरी गेले.

माहेर

पहिले बारा दिवस मी झोपले. लोकांना वाटतं विश्रांती म्हणजे सुख. ती झोप फार वाईट होती. उठले की अंगात दगड भरल्यासारखं वाटायचं, केस विंचरायचे म्हटलं तरी नको व्हायचं. लेक आजीजवळच घुटमळायची, माझ्याजवळ यायला बिचकायची. मीच तिला तसं केलं होतं. एकदा आईला काशीबाईंचा सल्ला सांगितला, तर ती म्हणाली, "आपून कवाच सोडलंय ते. आन् तिथं बी लायनी लागून राहिल्या. तुझं कवा ऐकायची ती?"

आई तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. साठीला आलेली बाई. मी पगारदार लेक घरात झोपलेली आणि आई उन्हात दगड फोडतेय, याची लाज वाटून तेराव्या दिवशी मी तिचा डबा घेऊन कामावर गेले. बारा वाजता मुकादमाने शिट्टी मारली आणि शंभरेक माणसं हातोडे टाकून बाभळीखाली जाऊन बसली. काही आडवी झाली. मुकादम कुणाला काही बोलला नाही.

मी आईला विचारलं, "असं रोज?"

"रोज. न्हाई तर मानूस मरंल ना उन्हात." तिने भाकरी मोडली. "तुमच्यात कोन वाजवते शिट्टी?"

"कुणी नाही."

"म्हंजे तुमाला कोनी बसा म्हनतच न्हाई?"

"नाही."

"आन् तुमी बसत बी न्हाई?" आई माझ्याकडे बघत राहिली. "लई शिकल्या बाई तुमी."

मला रडू आलं. तिथेच, खडीच्या ढिगाशेजारी, शंभर माणसांसमोर. दीड वर्षाचं साचलेलं सगळं आलं. आईने गप्प केलं नाही. डबा संपवला, माझ्या पाठीवर एक हात ठेवला आणि दुसरी शिट्टी झाल्यावर उठून गेली. त्या संध्याकाळी मी लेकीची वेणी घातली. तिने मान हलवली नाही, घालू दिली.

उरलेले दिवस मी एकच विचार करत होते. दुष्काळी कामावरच्या माणसाला ऊन लागतं हे सरकारला मान्य आहे, म्हणून तिथे सावलीची सुट्टी आहे. आमच्या दवाखान्यात कागदोपत्री कुणी थकतच नाही, मग वरून पदं तरी कशाला पाठवतील? टायफॉईड देऊन बिरादार डॉक्टर आम्हाला वाचवत होते आणि त्याच टायफॉईडने आम्हाला पुन्हा त्याच वॉर्डात ढकलत होते. मी परत निघाले तेव्हा टायफॉईडचा कागद आईच्या चुलीत घातला. घरी जाऊन मालकांशी भांडण होणार हे माहीत होतं. म्हणूनच आधी जाळला.

हजर

हेडक्लार्कने कागद वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "बाई, चुकून दुसरा आलाय."

"चुकून नाही. हाच आहे."

"रेकॉर्डला जाईल हे."

"जाऊ द्या. त्यासाठीच आणलाय."

मला लातूरला तपासणीसाठी पाठवलं. टेबलामागे तीन डॉक्टर होते. एकाने विचारलं, कामाचा ताण सगळ्यांनाच असतो, तुमचं वेगळं काय? मी अकरा नंबरच्या नाडीचं सांगितलं. माझ्यावर कारवाई होऊ शकते हे ठाऊक होतं. मी म्हणाले, "साहेब, मला शिक्षा करा. पण आधी सांगा, साठ पेशंटला एक सिस्टर चार तासांनी नाडी कशी मोजणार? तुम्ही करून दाखवा." तिघांपैकी मधल्या साहेबांनी माझा कागद पुढे ओढला. त्यांनी मला ताकीद दिली. हजर करून घेतलं. आणि शेऱ्यात लिहिलं की कारण कामाच्या ठिकाणचं असून कार्यालयाने त्यावर उपाय करावा.

परत आल्यावर महिनाभर मला कापूस आणि पट्ट्यांच्या खोलीत बसवलं. 'थकलेली सिस्टर' असं नाव पडलं. शिपाईसुद्धा म्हणायचे, "बाई, स्टूल देऊ का? थकाल." मालकांनी पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण रात्री झोप लागायची.

तो शेरा उचलून धरला जाधवबाईंनी. मला वाटलं होतं त्या मला खाऊन टाकतील. त्या शेऱ्याची नक्कल घेऊन दर सोमवारी लातूरला जायला लागल्या. "कागदावर आलंय ना आता, मग कागदावरच उत्तर द्या," एवढंच म्हणायच्या. चौथ्या महिन्यात दोन सिस्टर तात्पुरत्या आल्या. दोनच. पण रात्रपाळीनंतरची सुट्टी परत मिळाली. आणि आमच्या ड्यूटीच्या वहीत जाधवबाईंनी एक नवा रकाना आखला, 'बसणे'. दुपारी अर्धा तास, आळीपाळीने, चादरींच्या खोलीत, आतून कडी लावून. जिची पाळी तिने बसायचंच. एक-दोघी बसायला लाजायच्या तर बाई बाहेरून कडी लावून टाकायच्या. तक्ते गठ्ठ्याने लिहायचे बंद झाले. जेवढ्या नाड्या धरल्या तेवढ्याच लिहायच्या, बाकीच्या जागा कोऱ्या. त्या कोऱ्या जागा वर पाठवायला बाईंना फार आवडायचं.

ओपीडी

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. दुसऱ्या डॉक्टरची बदली झाली आणि बदली माणूस आलाच नाही. बिरादार डॉक्टर एकटे. माझी ओपीडीला ड्यूटी होती. दुपारचा एक वाजला होता आणि रांग लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती.

त्यांनी एका म्हातारीचा कागद लिहून माझ्याकडे दिला. मी बघितलं, औषधाचा डोस लहान मुलाचा होता. "साहेब, हे एकदा बघा." त्यांनी बघितलं. "बरोबर आहे." मी मोठ्याने वाचून दाखवला, मग म्हातारीकडे बोट केलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवून बसले.

"सिस्टर, मला टायफॉईड झालाय."

"नाही झाला, साहेब."

ते हसले नाहीत. "सगळ्यांना मी लिहून दिलं. मला कोण लिहून देणार?"

"लातूरला गुरुवारी आहेत एक. मी येते सोबत. पण आज तुम्ही एकही कागद लिहायचा नाही."

नर्सने डॉक्टरला घरी पाठवायचं, असा कुठलाच नियम नाही. मी पाठवायचं ठरवलं; रांगेचं आवरेपर्यंत त्यांना आतच बसवलं. बाहेर ओट्यावर गेले आणि रांगेला सांगितलं, "डॉक्टर आजारी आहेत. काम करून करून थकलेत. ज्याचं जास्त आहे त्याला आम्ही आत घेतो, गाडीने लातूरला पाठवतो. बाकीच्यांनी उद्या या." असं वाक्य त्या ओट्यावरून तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. आता दगड येतील असंच मला वाटलं.

मागून एक जण ओरडला, "डाक्टर बी थकतो व्हय कुटं?"

ज्या म्हातारीचा कागद चुकला होता ती दाराशी काठी धरून बसली होती. तिने मागे वळून त्याला सांगितलं, "थकतो की. मानूस हाय का दगड हाय त्यो?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येतो आमी उद्या, काय मरत न्हाई. पर बाई, त्यानं सकाळपून काई खाल्लंय का न्हाई?"

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं एकाच दवाखान्यात काम केलं, थकव्यासाठी सगळ्यांशी भांडले, आणि हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मी आत जाऊन विचारलं.